तिला आंघोळ घातली तर ती गोरी होईल?

दर मंगळवारी सकाळी साडेदहाला आमच्या ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत गोष्टीचा तास असतो. तास म्हणायचं, असतो पंचवीस मिनिटांचाच. तीन-चार वर्षांची पोरं त्यापुढे बसत नाहीत. इथे अमेरिकेत याला स्टोरीटाइम म्हणतात. दोन पुस्तकं, मधे हातवाऱ्यांची गाणी, फेल्टच्या फळ्यावर चिकटवायची बदकं, शेवटी खुळखुळे आणि साबणाचे फुगे. सगळं फुकट. न्यू जर्सीतलं गाव असल्यामुळे सतरंजीवर निम्मी मुलं भारतीय असतात. बाकी गोरी, चिनी, कृष्णवर्णीय, मेक्सिकन, आणि त्यांच्यासोबत आया, बाबा, आज्या. मी इथे बालविभागात काम करते आणि हा कार्यक्रम माझ्याकडे आहे.

एका मंगळवारचं पुस्तक होतं चिखलात लोळणाऱ्या कुत्र्याचं. चित्रातली मुलगी कुत्र्याला टबात घालून घासत होती. मुलगी कृष्णवर्णीय, कुत्रा मुळात पांढरा. पुढेच बसलेल्या चार वर्षांच्या एका गोऱ्या मुलानं बोट दाखवून विचारलं, "मग तिला आंघोळ घातली तर ती गोरी होईल?"

खोली गप्प झाली. त्याच्या आईचे कान लाल झाले. तिनं त्याला मागे ओढून "शू! असं बोलायचं नसतं" म्हटलं. मागे लेकीला मांडीवर घेऊन बसलेला एक कृष्णवर्णीय बाबा फोनकडे बघत होता, पण त्याचा अंगठा हलत नव्हता.

त्या मुलाचा तर्क अगदी सरळ होता. कुत्रा तपकिरी दिसत होता, पाणी घातल्यावर पांढरा झाला. मुलगी तपकिरी आहे. मग? चार वर्षांच्या डोक्यात विज्ञान असंच चालतं. बदक पिवळं का, असं त्यानं विचारलं असतं तर आईनं हौसेनं उत्तर दिलं असतं. इथे मात्र त्याला 'शू' मिळालं, आणि त्यावरून त्यानं काय ताडलं असेल? या रंगात काहीतरी वाईट आहे, इतकं वाईट की त्याचं नावही काढायचं नसतं.

मी पुस्तक मांडीवर ठेवलं आणि म्हटलं, "छान विचार केलास. कुत्र्याच्या अंगावर चिखल होता, तो धुतला की जातो. तिच्या अंगावर काही लागलेलं नाहीये, तिचा रंगच तसा आहे. तुझ्या हाताचा रंग आंघोळ केल्यावर जातो का?" त्यानं हात उलटसुलट करून पाहिला. "नाही." "तिचाही जात नाही. आपल्या कातडीत मेलॅनिन नावाची एक गोष्ट असते. ती जास्त असली की रंग गडद, कमी असली की फिका. आणि ती येते आपल्या आईबाबांकडून, आजीआजोबांकडून." मग मी पान उलटलं, कुत्रा पुन्हा चिखलात गेला आणि सगळी पोरं खिदळली.

वीस सेकंदं गेली असतील. पण ही वीस सेकंदं मला आपसूक सुचलेली नाहीत. त्यांच्यामागे बराच इतिहास आहे, बरंच संशोधन आहे आणि माझ्या स्वतःच्या दोन-चार चुकाही आहेत.

आधी शब्दाचा घोळ. इंग्रजीत ज्याला 'रेस' म्हणतात त्याला मराठीत रोजच्या बोलण्यातला शब्द नाही. 'वंश' म्हटलं की आपल्याला वंशाचा दिवा आठवतो. 'वर्ण' म्हटलं की चातुर्वर्ण्य, नाहीतर स्थळाच्या जाहिरातीतला 'वर्ण गोरा'. अमेरिकेतली 'रेस' म्हणजे कातडीचा रंग, केस, चेहरा आणि पूर्वज कुठले यावरून माणसांचे पाडलेले गट. निसर्गानं असे कप्पे पाडलेले नाहीत. ऊन कडक तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांची कातडी गडद झाली, ऊन कमी तिथल्यांची फिकी, आणि मधल्या सगळ्या छटा सलग आहेत. कप्पे पाडले ते कायद्यानं आणि सवयीनं.

ते किती मनमानी होते हे बघायला आपलंच उदाहरण पुरे. १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंड या पंजाबी माणसाच्या खटल्यात ठरवलं की भारतीय माणूस 'गोरा' नाही, म्हणून त्याला नागरिकत्व मिळणार नाही. १९३० आणि १९४० च्या जनगणनेत आपल्यासाठी वेगळा रकाना होता, 'हिंदू', मग माणूस शीख असो की मुसलमान. १९७० च्या जनगणनेत आपल्याला गोऱ्यांत मोजलं. १९८० पासून 'एशियन इंडियन'. कातडी तीच, रकाना बदलत गेला. पण रकान्यावर माणसाचं नागरिकत्व, घर, शाळा, नोकरी ठरत होती, म्हणून 'रेस असं काही नसतंच' म्हणून हात झटकता येत नाहीत.

आता मुलांकडे येऊ. "एवढ्याशा पोरांना कुठे कळतं हे?" हे वाक्य मी मराठी पालकांकडून जितक्यांदा ऐकलंय तितक्यांदाच गोऱ्या पालकांकडूनही. कळतं. बोलता येण्याच्या कितीतरी आधी दिसायला लागतं. इंग्लंडमध्ये शेफील्डला झालेल्या एका अभ्यासात (२००५) नवजात बाळं कुठल्याही गटाच्या चेहऱ्याकडे सारखीच बघत होती. तीन महिन्यांची गोरी बाळं मात्र गोऱ्या चेहऱ्यांकडे जास्त वेळ बघत होती. म्हणजे माणूस जन्मतःच भेदभाव करतो का? तर नाही. पुढच्याच वर्षी इस्रायलच्या संशोधकांनी तीन महिन्यांच्या बाळांचे तीन गट घेतले: इस्रायलमधली गोरी बाळं, इथिओपियातली बाळं, आणि इथिओपियातून इस्रायलला आलेल्या कुटुंबांतली, दोन्ही तऱ्हेचे चेहरे रोज बघणारी बाळं. पहिले दोन गट आपापल्यांसारख्या चेहऱ्यांकडे जास्त बघत होते. तिसऱ्या गटाला काही फरक पडत नव्हता. मला हा तिसरा गट फार आवडतो.

चेहरा ओळखीचा वाटणं हा अजून पूर्वग्रह नाही. पूर्वग्रह कसा बनतो याचा एक सोपा प्रयोग अमेरिकेतल्या बालवाड्यांत झाला. रिबेका बिगलर या मानसशास्त्रज्ञ अशा प्रयोगांसाठी ओळखल्या जातात. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना तीन आठवडे रोज लाल किंवा निळे टीशर्ट घालायला दिले. काही वर्गांत शिक्षकांनी रंगांचा उल्लेखच केला नाही. काही वर्गांत मात्र "निळ्यांनी इकडे रांग करा", "लाल मुलांनो, या" असं बोलायला सुरुवात केली. कुणी निळ्यांना चांगलं म्हटलं नाही, लालांना वाईट म्हटलं नाही. तरी त्या वर्गांतली मुलं आपल्या रंगाच्या बाजूनं जास्त झुकायला लागली. मोठी माणसं ज्या गोष्टीवरून माणसं वेगळी काढतात ती गोष्ट महत्त्वाची असणार, असा मुलांचा हिशेब. टीशर्ट काढून ठेवता येतो. अमेरिकेत मात्र कुठली माणसं कुठल्या वस्तीत राहतात, कोण डॉक्टर असतं आणि कोण शाळेचा जिना पुसतं, हे मूल गाडीच्या खिडकीतून रोज बघतं. का, ते कुणी सांगत नाही. मग ते स्वतःच कारण जुळवतं.

स्वतः जुळवलेलं कारण किती खोल जातं हे केनेथ आणि मॅमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्यानं दाखवून दिलं. त्यांनी तीन ते सात वर्षांच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांसमोर बाहुल्या ठेवल्या. साचा एकच, काही गोऱ्या, काही तपकिरी. खेळायला कुठली देऊ? दोन तृतीयांश मुलांनी गोरी मागितली. वाईट दिसणारी कुठली, असं विचारल्यावर बहुतेकांनी तपकिरी दाखवली. मग शेवटचा प्रश्न: यातली तुझ्यासारखी कुठली? काही मुलं तिथे रडायला लागली, काही उठून गेली. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयानं गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या, तेव्हा निकालाच्या तळटीपेत क्लार्क यांच्या कामाचा दाखला होता.

आणि गप्प बसण्याचं काय? अमेरिकेतल्या प्रौढांना संशोधकांनी विचारलं की मुलांशी याविषयी बोलायला कधी सुरुवात करावी. सरासरी उत्तर आलं, पाच वर्षांच्या आसपास. तोवर गाडी स्टेशनातून सुटलेली असते. दुसऱ्या एका अभ्यासात (२०१२) चार-पाच वर्षांच्या मुलांच्या गोऱ्या आयांना वर्णाचा विषय असलेली चित्रपुस्तकं मुलांना वाचून दाखवायला दिली. पुस्तकाचा विषयच तो, तरी बहुतेक आयांनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. जे छापलंय ते वाचलं, पान उलटलं. आपल्या मुलाच्या मनात काही नसणार अशी त्यांची खात्री होती. मुलांना विचारलं तेव्हा त्यांना आपल्या आईचं मत धड माहीत नव्हतं, आणि अंदाज बांधताना त्यांची चांगलीच गल्लत होत होती.

मला सगळ्यात बोलका वाटतो तो फोटोंचा खेळ. समोर अनेक माणसांचे फोटो, त्यातला एक संशोधकाच्या मनात. हो-नाही असे प्रश्न विचारून कमीत कमी प्रश्नांत तो ओळखायचा. निम्मे चेहरे गोरे, निम्मे काळे. "तो कृष्णवर्णीय आहे का?" एवढं विचारलं की अर्धे फोटो बाद. आठ-नऊ वर्षांची मुलं बिनधास्त विचारत आणि जिंकत. दहा-अकराची मुलं खरं तर जास्त हुशार, पण ती तो प्रश्न टाळत आणि हरत. मधल्या दोन वर्षांत ती काय शिकली? तर 'शू'. याच संशोधकांपैकी काहींनी २०१० साली मुलांना गोष्टी ऐकवल्या. काहींना "रंगाकडे बघूच नये" अशा अर्थाची, काहींना "वेगळेपण चांगलं असतं" अशा अर्थाची. मग धडधडीत भेदभावाचा एक प्रसंग सांगितला. पहिली गोष्ट ऐकलेल्या मुलांना तो भेदभाव आहे हे ओळखायला जास्त जड गेलं. "मी रंग बघतच नाही" हे ऐकायला किती उदात्त वाटतं! पण जे बघायचंच नाही ठरवलं, ते घडताना दिसणार कसं?

इथे कुणी म्हणेल, हे आईबापांनी बघावं, ग्रंथालयाचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो फारसा अभिमानास्पद नाही. दक्षिणेकडच्या राज्यांत कितीतरी सार्वजनिक ग्रंथालयं १९६० च्या दशकापर्यंत फक्त गोऱ्यांसाठी होती. १९५९ साली साउथ कॅरोलायनातल्या लेक सिटीच्या ग्रंथालयात रॉनल्ड मॅकनेअर नावाचा नऊ वर्षांचा मुलगा पुस्तकं घ्यायला गेला. काळ्या मुलांना पुस्तकं मिळत नाहीत, असं त्याला सांगण्यात आलं. तो टेबलावर चढून बसला आणि हलेना. पोलीस बोलावले, आईला बोलावलं, आणि अखेर पुस्तकं घेऊनच तो घरी गेला. पुढे त्यानं एमआयटीतून भौतिकशास्त्रात डॉक्टरेट केली, अंतराळवीर झाला आणि १९८६ मध्ये चॅलेंजर यानाच्या स्फोटात गेला. त्या ग्रंथालयाच्या जुन्या इमारतीला आज त्याचंच नाव आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या १३५ व्या रस्त्यावरच्या शाखेत १९२१ साली प्युरा बेलप्रे ही प्वेर्तो रिकोची तरुणी कामाला लागली आणि पुढे तिनं स्पॅनिशमध्ये गोष्टी सांगायला सुरुवात केली. तिथेच १९३७ साली ऑगस्टा बेकर आल्या. कपाटातल्या पुस्तकांत काळी मुलं एक तर नव्हतीच, नाहीतर जाड ओठांची, नोकराच्या कपड्यांतली सोंगं होती. बेकरबाईंनी चांगली पुस्तकं शोधून वेगळा संग्रह उभा केला, याद्या छापल्या, प्रकाशकांच्या मागे लागल्या. १९६१ साली त्या शहराच्या त्या सबंध ग्रंथालय-व्यवस्थेच्या बालविभागाच्या प्रमुख झाल्या. गोष्टीच्या सतरंजीवर कोणतं पुस्तक यावं हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

पुस्तकंच नसतील तर बोलणार कशावर? १९६५ साली नॅन्सी लॅरिक या संपादिकेनं हिशेब मांडला: आधीच्या तीन वर्षांतल्या ५,२०६ बालपुस्तकांपैकी चित्रात किंवा मजकुरात एक तरी कृष्णवर्णीय माणूस असलेली पुस्तकं ३४९. विस्कॉन्सिन विद्यापीठातलं बालपुस्तकांचं केंद्र १९८५ पासून मोजदाद करतं. त्या पहिल्या वर्षी सुमारे अडीच हजार पुस्तकांत कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांची १८. त्याच केंद्राच्या २०१८ च्या आकड्यांत निम्म्या पुस्तकांचे नायक गोरे होते, २७ टक्क्यांत अस्वलं, ससे, ट्रक वगैरे, १० टक्क्यांत कृष्णवर्णीय आणि ७ टक्क्यांत सगळे आशियाई मिळून. म्हणजे माझ्या सतरंजीवरच्या मुलीला पुस्तकात स्वतःसारखी मुलगी भेटण्यापेक्षा ससा भेटण्याची शक्यता जास्त. रूडीन सिम्स बिशप या अभ्यासक बाईंनी १९९० मध्ये म्हटलं की पुस्तक कुणासाठी आरसा असतं, कुणासाठी खिडकी. काही मुलांना नुसते आरसेच मिळतात, काहींना नुसत्या खिडक्या, आणि यात दोघांचंही नुकसान होतं.

म्हणून निवडताना मी एक पथ्य पाळते. काळी माणसं फक्त दुःखाच्या आणि लढ्याच्या पुस्तकांत भेटायला नकोत. बर्फात खेळणारा, कुत्रा हरवलेला, आंघोळीचा कंटाळा करणारा मुलगाही काळा असू दे. 'द स्नोई डे' हे १९६२ चं पुस्तक तसं आहे. लाल कोट घातलेला पीटर बर्फात पावलं उमटवत हिंडतो, बस्स. त्याच्या रंगाबद्दल पुस्तकात शब्द नाही. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयानं आपल्या सव्वाशे वर्षांत सर्वाधिक वाचकांनी नेलेलं पुस्तक कुठलं ते २०२० मध्ये जाहीर केलं, तेव्हा पहिलं हेच आलं, ४ लाख ८५ हजारांहून जास्त वेळा. फेब्रुवारी हा इथे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना, तेव्हा सगळी ग्रंथालयं अशी पुस्तकं दर्शनी टेबलावर मांडतात आणि मार्चमध्ये परत कपाटात घालतात. आपल्याकडे १४ सप्टेंबरला हिंदीचं करतात, तसंच काहीसं. मी ही पुस्तकं जुलैतही काढते.

प्रत्यक्षात बोलायचं कसं? बहुतेक वेळा एक वाक्य पुरतं. चित्र दाखवताना "हिचा फ्रॉक पिवळा, केस कुरळे, कातडी गडद तपकिरी" असं फ्रॉकच्या सुरातच म्हणायचं. गोऱ्या मुलाचंही वर्णन करायचं, "याची कातडी फिकी, गालावर ठिपके", कारण फक्त गडद रंगाचाच उल्लेख केला तर गोरा रंग म्हणजे कोरा कागद आणि बाकी सगळे त्यावरचे डाग, असं होतं. मुलं हमखास म्हणतात, "पण तो ब्लॅक नाहीये, ब्राउन आहे!" बरोबरच आहे त्यांचं. मग सांगायचं की ब्राउन हा कातडीचा रंग, आणि ब्लॅक हे एका मोठ्या कुटुंबासारख्या लोकसमूहाचं नाव. ज्यांचे फार पूर्वीचे आजीआजोबा आफ्रिकेतून आले, त्यातले बरेच लोक स्वतःला ब्लॅक म्हणवतात.

आणखी एक. रंगाला चॉकलेट, कॉफी, दालचिनी अशा खाण्याच्या उपमा द्यायच्या नाहीत, असं आम्हाला सांगितलं जातं. माणूस म्हणजे चघळायची वस्तू नाही. शिवाय साखर, कॉफी, कोको पिकवायला ज्यांना विकत घेतलं, त्यांच्याच नातवंडांना त्या मालाची नावं द्यायची, हे बरं दिसत नाही. गोऱ्यांच्या कातडीला मात्र फारसं कुणी मैदा किंवा पनीर म्हणत नाही.

चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षी मी उत्साहात होते. एका पुस्तकात दोन वेण्यांची कृष्णवर्णीय मुलगी आली आणि खोलीतल्या एकुलत्या एका कृष्णवर्णीय मुलीकडे बघून मी म्हटलं, "अय्या, अगदी तुझ्यासारखी!" सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. तिनं बाबाच्या जॅकेटात तोंड खुपसलं, ते तास संपेपर्यंत बाहेर काढलं नाही. पुढचे दोन मंगळवार ती आलीच नाही. आरसा दाखवायचा असतो, मुलाचं तोंड धरून त्यात कोंबायचं नसतं. आता मी पुस्तक सगळ्यांसमोर धरते आणि कुणाला त्यात स्वतः दिसलं तर तो स्वतःच ओरडतो.

चार-पाच वर्षांच्या मुलांना अन्याय समजतो का? अहो, बिस्किटाचा अर्धा तुकडा कमी पडला तर ती खोली डोक्यावर घेतात. 'चिडीचा डाव' त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतो. मॅकनेअरची गोष्ट मी मोठ्या गटाला, पाच-सहाच्या मुलांना सांगते. "त्याला पुस्तक का नाही दिलं?" "कारण तेव्हा तिथे नियम होता की गडद कातडीच्या माणसांना पुस्तक द्यायचं नाही." "पण हा डाव चिडीचा आहे!" "होय. मग त्यानं काय केलं सांगू?" इथे थांबू नये. नियम माणसांनी केला होता आणि माणसांनीच मोडला, हे त्याच बैठकीत सांगायला हवं, नाहीतर गडद कातडी म्हणजे बिचारी, एवढंच मूल घरी घेऊन जातं. ज्यांनी मोडला त्यांत गोरी माणसंही होती, हेही सांगायचं. आणि उत्तर येत नसेल तर "मला आत्ता नीट सांगता येत नाहीये, पुढच्या मंगळवारी सांगते" म्हणायचं, आणि खरंच सांगायचं. मुलं विसरत नाहीत.

सगळ्यांना हे पटतं असं नाही. एक आई मला म्हणाली होती, "तिचं बालपण तरी राहू दे." तिची लेक गोरी होती. कृष्णवर्णीय आयांना ही सवलत मिळत नाही, त्यांच्या मुलांना खेळाच्या मैदानावर कुणीतरी आधीच सांगून मोकळं झालेलं असतं. शिवाय सध्या वारं उलटं वाहतंय. अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या मोजणीप्रमाणे २०२३ या एका वर्षात ४,२४० वेगवेगळ्या पुस्तकांवर हरकती घेतल्या गेल्या, आणि त्यात वर्णाविषयीची व समलिंगी लोकांविषयीची पुस्तकं मिळून जवळजवळ निम्मी होती. माझे काही सहकारी त्यामुळे पुस्तक उचलताना दहादा विचार करतात. मी त्यांना दोष देत नाही. एका मंगळवारच्या एका वाक्यानं समाज बदलतो असा माझाही दावा नाही. पण स्टोरीटाइम मुलांइतकाच मागे बसलेल्या मोठ्यांसाठी असतो. गाणं कसं म्हणायचं, पुस्तकावर गप्पा कशा मारायच्या, हे ते आम्हाला बघून घरी नेतात. तसंच हेही नेतात.

राहता राहिलो आपण. मराठी मंडळाच्या गणपतीत मी हा विषय काढला की कुणीतरी म्हणतं, "ही गोऱ्या-काळ्यांची भानगड, आपला काय संबंध?" जोतीराव फुल्यांना संबंध दिसला होता. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या ज्या लोकांनी निग्रोंना दास्यातून सोडवलं त्यांना. आणि फुल्यांपर्यंत जायचं नसेल तर शनिवारचा व्हिडिओ कॉल ऐका. "उन्हात खेळून काळवंडली गं पोर." "रंग आईवर नाही गेला, नशीब." आपल्याकडे छटांना काय कमी शब्द आहेत? गोरापान, निमगोरा, उजळ, गव्हाळ, सावळा, काळासावळा. आणि सगळ्यांत बोलका शब्द रंगाचा नाहीच: "सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस." मूल रंग ऐकतं की नाही माहीत नाही, तो 'पण' मात्र ते बरोबर ऐकतं. आणि मग सतरंजीवर शेजारी बसलेल्या, आपल्याहून गडद मुलीकडे बघताना तो 'पण' त्याच्यासोबत असतो. ज्या विठोबाला आपण काळा म्हणून डोक्यावर घेतो, त्याच्या पायाशी बसून आपण हे बोलतो.

गेल्या मे महिन्यात गोष्टीनंतर मी टेबलावर आरसे आणि खडूंच्या पेट्या मांडल्या. क्रेयोला कंपनीनं २०२० मध्ये कातडीच्या २४ छटांचे खडू काढले, ते. १९६२ पर्यंत याच कंपनीचा एक फिकट गुलाबी खडू 'फ्लेश', म्हणजे 'कातडीचा रंग' या नावानं विकला जायचा. मग त्याचं नाव बदलून 'पीच' केलं. मुलांनी आपल्या हाताशी खडू लावून रंग जुळवायचा आणि कागदावर स्वतःला काढायचं, एवढाच खेळ. टबवाल्या प्रश्नाचा तो मुलगाही होता. त्यानं पाच खडू लावून बघितले आणि एकही जुळत नाही म्हणून वैतागला.

सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेल्या एक काकू नातीला घेऊन येतात. त्या आधी लांबूनच बघत होत्या. मग म्हणाल्या, "अगं, मोठ्यांनी केलं तर चालतं का?" म्हटलं, "बसा ना काकू." त्यांनी चष्मा वर सरकवला आणि एकेक खडू मनगटाशी धरत गेल्या. उजळ बाजूकडून सुरुवात केली होती, हे मी पाहिलं. हळूहळू पेटीच्या दुसऱ्या टोकाला आल्या, एक खडू हाताशी धरून थबकल्या, आणि नातीला दाखवत म्हणाल्या, "हा बघ माझा. चहाचा रंग. आलं घातलेल्या चहाचा."

खाण्यापिण्याच्या उपमा द्यायच्या नाहीत, हे मी त्यांना सांगणार होते. नातीनं आपला खडू आजीच्या खडूशेजारी धरला, दोन्ही नीट निरखले आणि म्हणाली, "आजी, तुझा जास्त उकळलाय."